सनमायका चढायच्या आधी बघून घ्या: सुताराकडून कपाटं, किचन करून घेणाऱ्यांसाठी

आमच्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये पहिलं वॉर्डरोब करून घेतलं तेव्हा मला प्लाय म्हणजे लाकूड आणि सनमायका म्हणजे त्याच्यावरचं डिझाइन एवढंच माहीत होतं. सुतार चांगला बोलायचा, वेळेवर यायचा, चहा घेताना मुलांची चौकशी करायचा. मी काही विचारलं की म्हणायचा, "ताई, सनमायका लागली की सगळं एकसारखं दिसतं, तुम्ही टेन्शन नका घेऊ." खरंच एकसारखं दिसलं. दोन पावसाळे. मग एके दिवशी दरवाजाचा वरचा बिजागर स्क्रूसकट हातात आला, आणि भोकात बघितलं तर आत लाकूड नव्हतंच, ओलसर भुसा होता, चकलीचं पीठ जास्त भिजल्यावर होतं ना तसा. पाठीमागची प्लाय काळी पडलेली, साड्यांना वास. सुताराचा फोन तोवर बंद.

मग किचन आणि मुलांच्या खोलीचं काम दुसऱ्या मिस्त्रींकडून केलं, यावेळी मीच सगळं शिकून घेतलं, अर्धं त्यांच्याकडून, अर्धं टिंबर मार्केटमध्ये उभं राहून. ते क्रमाने लिहितेय. पुण्यातला अनुभव आहे, पण प्लाय आणि बिजागर सगळीकडे तेच असतात.

१. आधी सामान मोजा, मग भिंत मोजा

सुताराला बोलवायच्या आधी एक रविवार द्या आणि टेप घेऊन बसा. कपाटात काय जाणार आहे ते मोजायचं. हँगरची रुंदी साधारण १८ इंच असते, म्हणून कपाटाची खोली आतून किमान २२ इंच लागते, बाहेरून २ फूट म्हणतात ते त्यामुळे. शर्ट टांगायला ४० इंच उंची पुरते, लांब ड्रेस, शेरवानी वगैरेला ६० इंच. घडीच्या साड्यांना १२-१४ इंचाचा कप्पा बास, जास्त उंच ठेवला की थप्पी कोसळते. सर्वात मोठी सुटकेस कुठे जाणार, गाद्या कुठे जाणार, गणपतीचं मखर कुठे जाणार हे आत्ताच ठरवा, नाहीतर ते सगळं पलंगाखाली राहतं.

मग भिंत. बिल्डरच्या प्लॅनवरची मापं विसरा. भिंत वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, आमच्याकडे नऊ फुटांच्या भिंतीत वर आणि खाली पाऊण इंचाचा फरक होता. ओळंबा सोडला तर कळतं, पण टेपनेही कळतं.

बरोबर कागदावर या गोष्टी खुणा करून ठेवा: स्विचबोर्ड, एसीचा पाइप, खिडकीचा पडदा कुठवर येतो, खोलीचा दरवाजा किती उघडतो, आणि पंखा. पंखा लोक हमखास विसरतात. वरच्या लॉफ्टचं (कपाटावरच्या माळ्याचं) शटर, म्हणजे दरवाजा, उघडलं की पंख्याच्या पात्याला लागतं, आमच्या वरच्या मजल्यावर एकांचं असं झालंय आणि आता ते लॉफ्ट उघडायच्या आधी पंखा बंद करतात. कपाटासमोर पलंग असेल आणि मधे अडीच-तीन फूट राहत नसतील तर स्लायडिंगचा, म्हणजे सरकत्या दरवाजांचा विचार करा, पण त्याला कपाटाची खोली ३-४ इंच जास्त लागते हे धरून.

२. कंपनी, डिझायनर की थेट सुतार

मॉड्युलरवाल्या कंपन्यांचं काम फॅक्टरीत कापून येतं, कडा मशीनवर लागतात, घरात धूळ कमी. पण आत पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (दोन्ही लाकडाचा चुरा दाबून केलेले बोर्ड) आहे की प्लाय हे विचारूनच घ्यावं लागतं, आणि भिंत तिरकी असली की फिलर पट्ट्या लावून वेळ मारून नेतात. इंटेरियर डिझायनर घेतलात तर तुमचा त्रास कमी, पण शेवटी काम करणारा सुतारच असतो, मग त्याला काय पैसे मिळतायत आणि मधे काय उरतंय हे तुम्हाला कळत नाही. थेट सुतार स्वस्त पडतो, मापात लवचिक असतो, पण सुपरवायझर तुम्हीच. दिवसातून एकदा साइटवर जाणं ज्यांना जमणार नाही त्यांनी खरंच हा रस्ता धरू नये, मी मनापासून सांगतेय.

३. सुतार शोधताना जुनं काम बघा, नवीन नाही

सगळे सुतार मोबाइलवर फोटो दाखवतात, फोटोत सगळंच चकाचक. मी दुसऱ्या वेळी एकच अट घातली: तीन वर्षं जुनं काम दाखवा. तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे. दाखवायला का-कू करतो तो तिथेच बाद.

सापडतात कुठे? तुमच्याच सोसायटीत ज्या फ्लॅटमध्ये काम चालू आहे तिथे. नवीन सोसायटी असेल तर प्रत्येक मजल्यावर ठोकठोक चालूच असते, आत डोकावा, काम करणारा कारागीर बघा, बोलणारा ठेकेदार नाही. वॉचमनला विचारा कोण भांडून गेला, त्यांना सगळं माहीत असतं. प्लायच्या दुकानदाराकडूनही नावं मिळतात पण त्याचं आणि सुताराचं आतून काही असू शकतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

जुन्या कामावर गेलात की पाच मिनिटांत एवढं बघा:

- सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. शेवटी हलतोय का, घासतोय का.
- सिंकखालचं कपाट उघडून खालच्या प्लायला नख लावून बघा.
- दोन शटरमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का.
- दरवाजाच्या कडेला बोट फिरवा. पट्टी उचकटली असेल तर लगेच लागते.
- घरमालकिणीला बाजूला घेऊन विचारा, काम संपल्यावर फोन उचलतो का.

मी ज्यांच्याकडे गेले त्या काकूंनी मला काही न बोलता एक ड्रॉवर पायाने ढकलून बंद करून दाखवला. तिथेच मी नंबर घेतला.

४. कोटेशन: दोन कागद शेजारी ठेवून तुलना होत नाही

इथे लोक सर्वात जास्त गोंधळतात. तीन पद्धती आहेत. एक, विथ मटेरियल, म्हणजे समोरच्या भागाच्या स्क्वेअर फुटाला एक रेट, त्यात सगळं. दोन, लेबर रेट, म्हणजे सामान तुम्ही आणायचं आणि मजुरी स्क्वेअर फुटावर. तीन, हजेरी, म्हणजे रोजचे पैसे. हजेरी छोट्या दुरुस्तीलाच ठीक, मोठ्या कामाला घेतलीत तर काम संपतच नाही, का संपेल?

विथ मटेरियलमध्ये रेट कमी दिसला की समजायचं मोजणीत काहीतरी आहे. लॉफ्ट वेगळा मोजणार का, ड्रॉवरचे जास्तीचे पैसे का, आतली सनमायका धरलीय का, पाठीमागची प्लाय धरलीय का (काहीजण भिंतीलाच पाठ समजतात), हँडल आणि लॉक कोणाचं. एकाचा रेट दुसऱ्यापेक्षा कमी होता म्हणून मी खूश झाले होते, मग कळलं त्यात आतून सनमायका नव्हतीच, रंग होता.

लेबर रेटवर जायचं असेल तर किती सामान लागेल हे स्वतःला ढोबळ काढता आलं पाहिजे. अवघड नाही. प्लायची शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. आता ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल असं चार दरवाजांचं कपाट धरा. दोन बाजू २८, मधलं पार्टिशन १४, वरचा आणि खालचा फळा मिळून २४, ३ फुटी पाच कप्पे ३०, आणि दरवाजे ४२. बेरीज १३८. भागिले ३२, सव्वाचार शीट. कापताना वाया जाणारं धरून पाच, फार तर साडेपाच. शिवाय पाठीला ६ एमएमच्या दोन, ड्रॉवरसाठी १२ एमएमची एक. माझ्या पहिल्या सुताराने याच मापाच्या कपाटाला १८ एमएमच्या नऊ शीट मागवल्या होत्या. बाकीच्या कुठे गेल्या ते मला आजतागायत माहीत नाही.

एक गंमत इथेच सांगते. ४ फुटी शीटमधून २ फुटाच्या दोन पट्ट्या निघतात असं आपल्याला वाटतं, पण करवतीचं पातं स्वतः तीनेक एमएम, म्हणजे सूतभर खातं. (इंचाचे आठ सूत. सुतार अजून सुतातच बोलतात, ते कान देऊन ऐका, १९ एमएम म्हणजे सहा सूत.) म्हणून हुशार सुतार खोली पावणेचोवीस इंच धरतो. पूर्ण २४ इंच खोल पाहिजे असा हट्ट धरलात तर दुसरी पट्टी कमी भरते, शीट फुकट जातात आणि बिल वाढतं. कपाटात पाव इंचाने काही अडत नाही.

५. प्लाय: सगळा खेळ इथे

ढोबळ तीन प्रकार लक्षात ठेवा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट), म्हणजे दुकानात ज्याला कमर्शियल म्हणतात, ती दमट हवा सोसते, पाणी नाही. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) ही त्याच्या वरची. आणि बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) म्हणजे मरीन, तिचा आयएसआय क्रमांक आयएस ७१०. एमआर आणि बीडब्ल्यूआर आयएस ३०३ खाली येतात. खरा फरक गोंदाचा आहे: मरीनचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा, बीडब्ल्यूआरचा ८ तास. "वॉटरप्रूफ" हा शब्द दुकानदार कशालाही लावतात, त्याला अर्थ नाही, ग्रेड विचारा आणि शीटवरचा शिक्का वाचा.

आयएसआय शिक्क्याबरोबर सीएम/एल असा लायसन नंबर असतो. तो फोनवर बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये टाकला की कंपनी कोण आणि लायसन चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभं राहून करा, लाजू नका. मी केलं तेव्हा दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग स्वतःच म्हणाला, "मॅडम, ही नको, ती घ्या."

कुठे काय वापरायचं: किचनमध्ये आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर मरीन. बेडरूमच्या कोरड्या भिंतीवर बीडब्ल्यूआर पुरते, तिथे मरीन घातली तर तुमची हौस. एमआर मी आता कुठेच घेत नाही, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर विचारही करू नका. सिंकखाली डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) बोर्ड लावतात तो पाण्याला चांगला पण स्क्रू प्लायइतका घट्ट धरत नाही. उंच दरवाजांना ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) सुचवतील, ऐका त्यांचं, सात फुटाच्या वरचं शटर प्लायचं केलं की कालांतराने धनुष्यासारखं वाकतं. म्हणूनच ७ फूट कपाट आणि वर वेगळा २ फुटी लॉफ्ट असा रिवाज आहे, छतापर्यंत एकच दरवाजा फोटोतच छान दिसतो.

जाडी मोजा. १८ म्हणून १६ खपवणं ही जुनी खोड आहे. शीटच्या चारही कडांना टेप लावा, कडेला थरांमध्ये पोकळी दिसतेय का बघा, आणि शीट मधोमध ठोकून फिरवत न्या, एखाद्या ठिकाणी आवाज पोकळ आला की ती बाजूला.

आणि उकळून बघा. हो, खरंच. कापलेल्या शीटचा वीतभर तुकडा घेऊन जुन्या पातेल्यात चार तास उकळायचा. मी केलं तेव्हा आई देवपूजा सोडून स्वयंपाकघरात आली, "हे काय शिजतंय?" म्हणून. घरभर डिंकाचा वास सुटला होता. तुकडा निघाला तेव्हा काळपट झालेला पण थर एकमेकांना चिकटून. पहिल्या कपाटाचा उरलेला एक तुकडा होता तोही शेजारी टाकला होता, तो पाऊण तासात वहीच्या पानांसारखा उलगडला. घरी केलेली टेस्ट काही लॅबची नाही, चार तास टिकला म्हणून तो मरीनच असं सिद्ध होत नाही, पण साफ खोटा माल लगेच उघडा पडतो.

खरेदीला सुताराबरोबर जा पण दुकान तुम्ही निवडा. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे, तीन-चार दुकानांत रेट विचारा. बहुतेक ठिकाणी सुताराला दुकानदाराकडून कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे, त्यात चिडण्यासारखं काही नाही. मी आमच्या मिस्त्रींना सरळ म्हणाले, "तुमचं जे असेल ते मजुरीत धरा, पण माल मी सांगेन तो." ते हसले, थोडा रेट वाढवला, आणि त्यानंतर मला खरोखर चांगली शीट निवडून दिली. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर ब्रँड, ग्रेड, जाडी आणि नग लिहून. वॉरंटी पाहिजे असेल तर हाच कागद लागतो.

६. हार्डवेअर

थोडक्यात: प्लायमध्ये वाचवा एकवेळ, बिजागर आणि चॅनलमध्ये (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) नको, कारण रोज हात त्यालाच लागतो. बिजागराला क्रँक, म्हणजे त्याच्या दांड्याचा बाक किती, ते विचारतात: दरवाजा बाजूच्या फळीवर पूर्ण बसतो तिथे शून्य, मधल्या पार्टिशनवर दोन दरवाजे अर्धे-अर्धे बसतात तिथे ८, आणि दरवाजा आत बसतो तिथे १६. चुकीचा क्रँक आणून सुतार फळी तासून बसवतात, ते बघा. ७ फुटाच्या दरवाजाला चार बिजागर, तीन नाही. ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनल, भांड्यांच्या ड्रॉवरला किती किलोचा ते विचारून. सॉफ्ट-क्लोज आवडीचा भाग आहे, लहान मुलं असतील तर बोटं वाचतात. पुण्यातल्या बोहरी आळीत पाऊण दिवस फिरलात तर बरंच स्वस्त मिळतं, पण पार्किंग विसरा, रिक्षाने जा.

७. कागदावर काय लिहायचं

वकील नको, साधा ए-फोर कागद, दोघांच्या सह्या, दोघांकडे एक-एक फोटो. आमच्या मिस्त्रींना मराठी वाचता येत होतं पण लिहायचा कंटाळा, म्हणून मी लिहिलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात एवढं हवंच:

- प्रत्येक कपाटाचं हाताने काढलेलं चित्र, मापांसकट, आतले कप्पेही.
- प्लायचा ब्रँड, ग्रेड आणि जाडी, कुठे कुठली.
- सनमायका बाहेर १ एमएम, आत ०.८, कोड नंबरसकट.
- रेट कशावर, मोजणी कोणती धरायची, काय धरलेलं नाही.
- सुरुवात आणि शेवटची तारीख, सण-लग्नाच्या सुट्ट्या धरून.
- पैशाचे टप्पे.
- काम संपल्यावर किती महिने दुरुस्ती फुकट.

तारखेबद्दल एक. बरेच कारागीर गावाकडून आलेले असतात, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आपल्याकडचे सातारा-सांगलीचेही. होळी, दिवाळी, लग्नसराई यात काम अर्धवट टाकून गावी जाणारच, त्यांनाही घर आहे. म्हणून होळीच्या दहा दिवस आधी काम सुरू करू नका, एवढंच.

बरोबर लागणारी कागदपत्रं: सुताराच्या आणि मदतनिसांच्या आधारची झेरॉक्स, फोटो, सोसायटीची परवानगी, डिपॉझिटची पावती. सोसायटीत आठवडाभर आधी अर्ज करा. दुपारी ड्रिलिंग बंद, रविवारी काम बंद, राडारोडा कुठे टाकायचा, हे नियम आधीच मिस्त्रींना सांगा, नाहीतर सेक्रेटरी तुम्हाला ऑफिसात फोन करतात.

आणि लिफ्ट! ८ फुटाची शीट साध्या लिफ्टमध्ये जात नाही. सर्व्हिस लिफ्ट नसेल तर जिन्याने, आणि हमाल शीटमागे, मजल्यामागे पैसे घेतो. आम्ही नवव्या मजल्यावर. ही रक्कम कोटेशनमध्ये नव्हती आणि टेम्पो खाली उभा असताना घासाघीस करता येत नाही, द्यावेच लागतात. आधीच ठरवा.

८. काम सुरू व्हायच्या आधी भिंत कोरडी आहे का

बाथरूमच्या मागच्या भिंतीला कपाट लावणार असाल तर आधी लीकेज तपासा, भिंतीचा रंग फुगलाय का, हात गार लागतो का. ओल असेल तर आधी प्लंबर, मग सुतार. माझं पहिलं कपाट ह्याच भिंतीवर होतं. दुसऱ्यांदा मिस्त्रींनी पाठीच्या प्लायला दोन्ही बाजूंनी सनमायका लावली आणि भिंतीपासून बोटभर फट सोडली, हवा खेळायला. इलेक्ट्रिकचे पॉइंट, कपाटातली लाइट, मायक्रोवेव्ह आणि चिमणीचा प्लग, हे सगळं आधी. वाळवीचं औषध मारायचं असेल तर तेही आधी, आणि ते वाळेपर्यंत खिडक्या उघड्या.

९. सनमायका लागायच्या आदल्या दिवशी सुट्टी घ्या

अख्ख्या कामात एकच दिवस ऑफिसला दांडी मारायची असेल तर ही. साचा, म्हणजे कपाटाचा सांगाडा, उभा आहे, प्लाय उघडी दिसतेय, अजून काही झाकलेलं नाही. यानंतर जे चुकलंय ते आत जातं आणि तीन वर्षांनी बाहेर येतं.

काय बघाल: प्रत्येक चौकटीचे दोन कर्ण मोजा, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात आणि उलट. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. आमच्याकडे एका बॉक्समध्ये तीन सुतांचा फरक निघाला, मिस्त्रींनी स्वतःचा गुण्या लावून बघितला, मदतनिसाकडे नुसतं बघितलं, आणि तो मुलगा काही न बोलता स्क्रू काढायला बसला. जोड नुसत्या खिळ्यांवर आहेत की स्क्रू आहेत ते बघा. प्लायचे शिक्के दिसतील तिथे फोटो काढा. शीट मोजा, किती आल्या, किती लागल्या, किती उरल्या.

सनमायका लावतानाही दोन गोष्टी. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना लागली पाहिजे, एका बाजूला सनमायका आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग असं केलं की दरवाजा वाकतो, कारण एकच बाजू ओढ घेते. आणि फेविकॉल लावल्यावर रात्रभर वजनाखाली दाबून ठेवली पाहिजे, घाईत तासाभरात उभी केली की फुगे येतात. दुसऱ्या दिवशी बोटाने ठोकत जा, पोकळ टकटक आली तिथे खडूने गोल करा. मी एकूण अकरा गोल केले होते, मिस्त्री म्हणाले, "ताई, तुम्ही शाळेत शिकवता का?"

कडांना एज बँड (कड झाकायची पातळ पट्टी) मशीनवर लावून घेता आली तर उत्तम, हाताने लावलेली किचनमध्ये गॅसच्या बाजूला लवकर सुटते. कडेला सागाची लाकडी पट्टी (लिपिंग) लावणारे जुने कारागीर अजून आहेत, वेळ लागतो पण ती निघत नाही.

१०. पैसे कसे द्यायचे

पहिल्या वेळी मी ४० हजार उचल दिली, काम सुरू व्हायच्या आधी, रोख, पावती नाही. त्यानंतर सोळा दिवस माणूस आला नाही. आता माझा हिशोब असा: सामान मी घेते म्हणून आगाऊ फक्त मजुरीच्या दहा टक्के. साचा उभा राहिला की तीस, सनमायका झाली की तीस, हार्डवेअर बसलं की वीस, आणि शेवटचे दहा टक्के एक महिन्याने. या शेवटच्या दहा टक्क्यांवर सुतार कुरकुर करतात, करू द्या, पण तो महिना फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. सगळे पैसे यूपीआयने, मेसेजमध्ये कशाचे ते लिहून. दर आठवड्याला खर्चीसाठी थोडे मागतात, ते द्या, माणसाला राशन भरायचं असतं, फक्त वहीत लिहून टप्प्यातून वळते करा.

अगदीच फिसकटलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण कागद, बिल, यूपीआयची नोंद असेल तरच. माझ्याकडे पहिल्या वेळचं काहीच नव्हतं म्हणून मी गेलेच नाही.

११. ताब्यात घेताना

सगळे दरवाजे एकदम उघडा, मग एकदम बंद करा, कोण कोणाला धडकतो ते कळतं. ड्रॉवर भरून बघा, रिकामा तर कोणताही सरकतो. बिजागराचे स्क्रू कसे फिरवून दरवाजा वर-खाली, आत-बाहेर होतो हे मिस्त्रींकडून शिकून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे आणि वर्षातून एकदा लागतंच. सनमायकाचा उरलेला तुकडा कोड नंबरच्या बाजूने जपून ठेवा, पुढे एखादं शटर बदलायचं झालं तर तोच शेड शोधायला उपयोगी पडतो. पहिले काही दिवस कपाटं उघडी ठेवा, वास जाऊ द्या, लहान बाळाचे कपडे लगेच आत घालू नका.

उरलेली प्लाय तुमची आहे, मागून घ्या. आमच्याकडे सव्वा शीट उरली, त्यातून मिस्त्रींनी शेवटच्या दिवशी न सांगता दोन पाट आणि गॅस सिलिंडरला चाकांची फळी करून दिली. पाटांना खालून सनमायका लावली नव्हती. "खालून कोण बघतंय" असं म्हणतील असं मला वाटलं, तर म्हणाले, "सकाळी लावतो, आत्ता फेविकॉल संपलाय."